करदोड्याला बांधलेली चावी

रंगनाथ शेवाळे यांचे मे महिन्याच्या पहिल्या सोमवारी सकाळी पावणेसात वाजता केदारखेडा येथील राहत्या घरी हृदयविकाराने निधन झाले. ते बासष्ट वर्षांचे होते. अंत्यसंस्कार अकरा वाजता झाले. मंठ्याच्या शाळेत शिकवणारी त्यांची मुलगी सुनंदा साडेदहाला पोहोचली, तेव्हा अंघोळ घालून झाली होती. मी साडेआठपासून अंगणात होतो.

जालना वेगळा जिल्हा झाला त्या वर्षी आमची ओळख झाली. मी तेव्हा नुकताच बातम्या पाठवू लागलो होतो आणि ते एका बियाणे कारखान्यात प्रतवारीच्या कामावर होते. भोकरदन तालुक्यात तुरीचे पीक चांगले असल्याची माझी बातमी ज्या दिवशी छापून आली, त्याच दिवशी दुपारी ते कार्यालयात आले. वर्तमानपत्र टेबलावर ठेवून त्यांनी विचारले, “चांगलं म्हंजी किती? वावरात उतरून पाह्यलं, का एसटीच्या खिडकीतून?” खिडकीतूनच पाहिले होते. पुढच्या रविवारी त्याच एसटीने ते मला केदारखेड्याला घेऊन गेले आणि चार वावरांतून फिरवले. दोन वावरांत झाडे उभी वाळली होती. तुरीला मर रोग लागला की हिरवे झाड बघता बघता वाळते, हे मला त्या दिवशी समजले. मी दुरुस्ती छापली. त्यानंतर पिकाची बातमी त्यांना दाखवल्याशिवाय मी पाठवली नाही, आणि इतरांसारखा मीही त्यांना अण्णा म्हणू लागलो.

मर लागलेल्या वावरात दोन-चार झाडे हिरवी राहतात. अण्णा त्यांचे बी वेगळे काढत, पुढच्या वर्षी मुद्दाम त्याच रोगट तुकड्यात पेरत आणि त्यातून जे टिकेल त्याचे बी पुन्हा वेगळे काढत. नोकरी सांभाळून हे काम त्यांनी वीसेक वर्षे केले. प्रत्येक झाडाचे बी कागदाच्या पुडीत जाई आणि पुडीवर फक्त क्रमांक असे. कोणता क्रमांक कोणत्या झाडाचा, त्याची किती रोपे मेली, पुढच्या वर्षी तो रोगट तुकड्यात पेरायचा की चांगल्या जमिनीत, हे सगळे एका वहीत होते. एकदा बियाण्याच्या धंद्यातला एक पाहुणा घरी आला आणि अण्णा चहाचे सांगायला आत गेले, तेवढ्यात त्याने वहीची दोन पाने उतरवून घेतली. अण्णांनी ते दारातून पाहिले. त्याला चहा दिला. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुना संगणक घेतला, चार महिने बसून वहीतले सगळे त्यात भरले आणि वही चुलीत घातली.

संगणकाला पासवर्ड होता. पण कळफलकावर एकेक अक्षर शोधताना ते मोठ्याने म्हणायची अण्णांना सवय होती, त्यामुळे ओसरीवर बसणाऱ्या सगळ्यांना तो पाठ झाला. धाकटे भाऊ किसन बाहेरून ओरडत, “अण्णा, आज ‘एन’ दाबायचं राह्यलं का तुमचं?” अण्णा चिडत, पासवर्ड बदलत आणि नवाही मोठ्याने म्हणत. शेवटी जालन्याला बसस्थानकाजवळ संगणक दुरुस्तीचे दुकान असलेल्या रफिकभाईंनी तोडगा काढला. साध्या पेन ड्राइव्हचीच त्यांनी चावी करून दिली. “ही लावली तर मशीन चालू, काढली तर बंद. बात खतम.” अण्णांनी विचारले, “हरवली तर?” रफिकभाई म्हणाले, “हरवली तर मी पण काही करू शकत न्हाई.” अण्णांनी हेच तीनदा विचारले, तिन्ही वेळा हेच उत्तर मिळाले. परतताना ते फार खुशीत होते.

ती चावी त्यांनी काळ्या फडक्यात शिवून करदोड्याला बांधली. चावीचे टोक बाहेर काढता यावे म्हणून तोंडाशी शिवण मोकळी ठेवली होती. घरात कोणी विचारले तर, दर्ग्याचा ताईत आहे, असे सांगत. खरे मला, सुनंदाला आणि रफिकभाईंना माहीत होते. करदोड्यातून चावी सोडायची नाही, हा त्यांचा नियम होता. त्यामुळे संगणकाला हातभर वायर जोडून तिचे टोक कमरेपर्यंत आणावे लागले, आणि काम चालू असेपर्यंत अण्णा संगणकाला बांधलेले असत. एकदा फोन वाजला म्हणून ते तसेच उठले आणि संगणकाचा डबा टेबलाच्या कडेपर्यंत ओढत आणला. मी हसलो. ते म्हणाले, “हसा. बैलाला दावं अस्तंय, मला हे.”

अंघोळ घालताना किसन यांनी रीतीप्रमाणे करदोडा तोडला. ताईत घरात ठेवायचा नाही म्हणून तो नदीच्या डोहात सोडला. मी त्या वेळी पंधरा पावलांवर उभा होतो. करदोड्याची मला आठवण झाली नाही.

तेराव्यानंतर सुनंदाने बियाण्याचा पत्र्याचा डबा उघडला. आत दोनशे चौदा पुड्या होत्या. संगणक चालू केला तर पडद्यावर चावी लावण्याची सूचना येई आणि तिथेच थांबे. पेरणीला महिना होता. बी आणखी वर्षभर ठेवले तर उगवण घटणार होती. क्रमांक न कळता पेरले तर वीस वर्षांची निवड एकमेकांत मिसळणार होती. चावी कुठे असायची, हे सुनंदाने काकांना सांगितले. किसन म्हणाले, “सुनंदे, मला अण्णानंच सांगितलं व्हतं ताईत हाय म्हणून. मी काय त्येच्या कमरंची झडती घेत व्हतो का?” दुसऱ्या दिवसापासून ते घमेले आणि वाळूची चाळणी घेऊन डोहात उतरले. उन्हाळ्यामुळे पाणी गुडघाभरच होते, खाली गाळ होता. सुनंदा काठावरून म्हणाली, “काका, बास आता. ऊन किती झालं.” ते म्हणाले, “तू घरी जाय. मी करून राह्यलो ना.” नवव्या दिवशी फडके सापडले. चावी आत होती.

आम्ही तिघे ती घेऊन रफिकभाईंकडे गेलो. त्यांनी ती पुसली, लावून पाहिली, दुसऱ्या मशीनला लावून पाहिली. “ही गेली,” ते म्हणाले. किसन बाकावर बसले. रफिकभाईंनी थोडा वेळ चावी हातात फिरवली… मग विचारले, “मशीन कुठंय?” ते घरीच होते. “उद्या घेऊन या.” दुसऱ्या दिवशी त्यांनी संगणक उघडला, आतली डिस्क काढली, आपल्या संगणकाला जोडली आणि दहा मिनिटांत अण्णांची यादी पडद्यावर आली. कुलूप दाराला होते, माल आत तसाच होता, असे त्यांनी सांगितले. सुनंदा म्हणाली, “मंग अण्णांना तसं का सांगितलं, भाई?” रफिकभाई म्हणाले, “तीन बार विचारलं त्यांनी. तेच ऐकायचं होतं त्यांना. नंतर एकदा आल्ते, तर म्हणले, आता बिलकुल घोर न्हाई.”

किसन म्हणाले, “मला नऊ दिवस गाळात घातलं की मंग अण्णानं.” त्या महिन्यात ते पहिल्यांदाच हसताना दिसले.

यादी छापून घेतली, तिच्या तीन प्रती केल्या. त्यातली एक किसन यांच्याकडे आहे. जूनच्या चौथ्या आठवड्यात पेरणी झाली. सुनंदा क्रमांक वाचत होती, किसन पुडी फोडून नांगराच्या तासात बी सोडत होते. रोगट तुकड्यात एकशे तीस पुड्या पेरल्या, बाकीच्या चांगल्या जमिनीत. काल संध्याकाळी सुनंदाने फोनवर मोजणी कळवली. दोनशे चौदापैकी एकशे एक्क्याण्णव पुड्यांचे बी उगवले आहे.