अकरा माळा आणि अठरा पायऱ्या

माझ्या धाकट्या भावाच्या हृदयाचा खालचा एक कोपरा आता हलत नाही, आणि त्याचे सर्व श्रेय माझ्या धर्माचरणाला आहे.

हे विधान मी डॉक्टर या नात्याने करतो आहे. अमरावतीत मी छत्तीस वर्षे दवाखाना चालवला. त्याआधी वडिलांनी मला पाठशाळेत घातले होते, त्यामुळे शरीरातील हाडांची नावे पाठ होण्यापूर्वी माझी शब्दरूपे पाठ झाली होती. नाडी पाहताना माझे ओठ हलत. रुग्णाला वाटे, डॉक्टर ठोके मोजत आहेत. प्रत्यक्षात मी नामस्मरण करीत असे. (ठोकेही मोजत असे. दोन्ही एकाच वेळी जमत असे. पुढील हकीकत वाचल्यावर आपला विश्वास बसणार नाही, परंतु जमत असे!)

निवृत्तीनंतर पहिला चातुर्मास आला तेव्हा काय सोडावे, हा प्रश्न उभा राहिला. आमच्या आळीत सर्वजण वांगी सोडतात. मला ते फार किरकोळ वाटले. ज्याने आयुष्यभर व्याकरणाचा आदर केला, त्याने देवाला वांगे द्यावे? मी वाणीच सोडली! सकाळी उठल्यापासून मध्यान्हीचा नैवेद्य होईपर्यंत पूर्ण मौन.

आमच्या सौभाग्यवतींनी (नाव कुसुम, माहेर चांदूर रेल्वे, स्वभाव व्यवहारी) लगेच विचारले, “अन् काही लागलं तर? पाटी ठेवू का जवळ?”

“लेखणी ही वाणीचीच धाकटी बहीण आहे,” मी म्हणालो. “लिहिणेही वर्ज्य.”

“मग खुणा?”

मी क्षणभर शास्त्रार्थ केला आणि उदार मनाने म्हणालो, “खुणा चालतील.”

हे दोन शब्द मी उच्चारले नसते तर ही हकीकत अर्ध्यावरच संपली असती.

महिनाभर व्रत निर्विघ्न चालले. आळीत बोलबाला झाला. समोरच्या काकू आपल्या सुनेला सांगत, “पाह्य त्या डॉक्टरसायबाकडं! चार चार तास चूप. तुले चार मिनिटं होत नाही!” मी देवघरात डोळे मिटून बसलेलो असे, पण मौनात माणसाचे कान फार तीक्ष्ण होतात, विशेषतः स्वतःच्या स्तुतीला.

आणि मग तो श्रावणातला दिवस उजाडला.

सकाळी सव्वाआठला कुसुम फोन हातात घेऊन देवघराच्या दारात आली. “अहो, अकोल्याहून वसंता भाऊजींचा फोन आहे. पहाटेपासून छातीत जळजळतंय म्हणतात. काय घेऊ विचारून राहिले.”

येथे थोडे स्पष्टीकरण द्यावे लागेल. आमच्या वऱ्हाडात छातीत काहीही झाले की माणूस प्रथम ते गॅसच आहे असे ठरवतो. मग सोडा पितो. मग शेजाऱ्याला विचारतो. डॉक्टरचा क्रमांक चौथा. वसंता तर आदल्या रात्री एका पंगतीत रोडगे आणि वांग्याची भाजी खाऊन आलेला. त्याचा संशय सरळ वांग्यावर. माझ्यापुढे एखादा परका रुग्ण हे वाक्य बोलला असता, तर मी त्याचे वय सहासष्ट आहे एवढे ऐकूनच खुर्चीतून उठलो असतो. पण हा वसंता होता. लहानपणापासून त्याचे सगळे मी ‘होईल बरे’ म्हणूनच बरे केले होते.

मी डोळे अर्धवट उघडले आणि उजवा हात देवाच्या मूर्तीसारखा वर केला.

“होईल बरं म्हणतात,” कुसुमने फोनवर सांगितले. “बारा वाजता बोलतील.”

“हो हो!” फोनमधून वसंताचा आवाज आला. “वहिनी, दादाचं मौन मोडू नका बा माझ्यासाठी. मी थांबतो.”

तो थांबला. मी जपाला लागलो. पुढच्या तासाभरात माझ्या अकरा माळा झाल्या. त्या दिवशी लय फार सुंदर लागली होती, हे मला अजून आठवते आणि अजून सहन होत नाही.

सव्वानऊला पुन्हा फोन. या वेळी कुसुमने स्पीकर सुरू केला होता.

“दादा, बोलू नको, फक्त ऐक. जळजळ काही जाऊन नाही राहिली. डावा हात बी भरून आला. अन् घाम पाह्य, पंखा सुरू असून! वांगं भलतंच बाधलं वाटते.”

माझ्या हातून माळ खाली पडली. मी तोंड उघडले. आणि, ईश्वर साक्षी आहे, मी ते पुन्हा मिटले.

पाठशाळेतले आमचे गुरुजी सांगत की प्राणावर बेतले असता मोडलेले व्रत मोडत नाही. हे मला ठाऊक होते. त्या क्षणीही ठाऊक होते. पण एकतीस दिवस झाले होते, समोरच्या काकू अंगणात सडा टाकत होत्या, आणि माझ्या मनात आले: खुणा तर चालतात!

मी उठलो आणि छातीवर हात ठेवला.

“छातीवर हात ठेवा म्हणतात, भाऊजी,” कुसुमने भाषांतर सुरू केले. “मोठा श्वास घ्या. प्राणायाम!”

मी जोराने मान हलवली. मला ईसीजी सांगायचा होता. म्हणून मी तर्जनीने हवेत तो आलेख काढला: वर, खाली, वर, खाली. छत्तीस वर्षांत असा शास्त्रशुद्ध आलेख मी काढला नव्हता!

कुसुमने डोळे बारीक केले. “वर... खाली... वर... हां! जिना! भाऊजी, जिना चढउतार करा म्हणतात. गॅस मोकळा होतो.”

“हे मले सुचलंच नाही पाह्य!” वसंता म्हणाला.

मी दोन्ही पंजे पसरून तिच्यापुढे नाचवले. थांबव! थांबव त्याला!

“दहा वेळा म्हणतात,” कुसुम म्हणाली.

वसंताचे घर दुमजली. जिन्याला अठरा पायऱ्या. फोन हातात धरूनच तो निघाला असावा, कारण आम्हाला त्याच्या चपलांचा आवाज ऐकू येत होता, आणि त्यामागून त्याची बायको मंदा ओरडत होती, “अहो, काहून जिन्यावर चालले? बसा ना गुमान!”

“दादानं सांगतलं,” वसंता धापा टाकत म्हणाला. “एक... झाला...”

मी कपाळावर हात मारला. (“डोक्याला थंड पाणी लावा म्हणतात.”) मी हात जोडले. (“देवाचं नाव घ्या म्हणतात.”) मी चक्क जमिनीवर बसून दाखवले, त्याने बसावे म्हणून. कुसुमने मला पाहिले, ती घाबरली आणि फोनवर म्हणाली, “भाऊजी, थांबा जरा, यांनाच काहीतरी होऊन राहिलं!”

“दोन...” फोनमधून आवाज आला. मग तिसरा आकडा आलाच नाही. नुसता श्वास आला. आणि तो श्वास मी माझ्या व्यवसायात पुष्कळदा ऐकला होता.

“वसंता! बस! जिथे आहेस तिथेच बस!”

समोरच्या काकूंच्या हातातली बादली पडल्याचा आवाज मी ऐकला.

मग वसंता अतिशय बारीक आवाजात म्हणाला, “वहिनी... कोण बोलून राहिलं?”

“मी आहे रे! दादा! पायरीवरच बस. मंदा, घरात ॲस्पिरिन आहे का? त्याला चावून खायला दे. शेजारच्यांची गाडी काढायला सांग, आत्ताच्या आत्ता!”

“दादा,” वसंताला वाईट वाटले होते, “तुझं मौन मोडलं न् माझ्यापायी. गॅसच तर होता.”

पहाटेपासून त्याच्या हृदयाची एक वाहिनी बंद होत होती, आणि त्याला दुःख माझ्या व्रताचे होत होते.

आम्ही अकोल्याला पोहोचेपर्यंत अडकलेली वाहिनी मोकळी करून झाली होती. वसंता अतिदक्षता कक्षात पडून होता, नाकात नळी, चेहऱ्यावर ओशाळे हसू. हृदयरोगतज्ज्ञ माझ्या नातवाच्या वयाचे. त्यांनी कागद चाळले आणि भुवया उंचावल्या.

“आजोबा, छातीत दुखत असताना तुम्हाला जिने चढायला कोणी सांगितलं?”

“माह्या दादानं.”

“काय करतात ते?”

“डॉक्टर हायेत.”

त्या तरुणाने एकदा छताकडे पाहिले. “कुठे असतात हे डॉक्टर?”

वसंताने माझ्याकडे पाहिले. मंदाने माझ्याकडे पाहिले. आणि मला, त्या दिवशी दुसऱ्यांदा, माझे मौन आठवले.

शेवटी कुसुमच म्हणाली, “अमरावतीकडे असतात म्हणे.”

बाहेर आल्यावर त्या डॉक्टरांनी मला घरातला वडीलधारा म्हणून बाजूला घेतले. “एक तास आधी आणलं असतं ना, तर...” एवढेच बोलून ते थांबले. तसे वाक्य मीही कितीतरी नातेवाइकांपुढे अर्ध्यावर सोडले आहे. उरलेला अर्धा मला पाठ आहे. त्या एका तासात कुसुमने फोन ठेवला होता आणि मी अकरा माळा ओढल्या होत्या. जिना नंतरचा; कुसुमचे भाषांतरही नंतरचे. अपराध त्या वर केलेल्या हाताचा. मी त्याला ‘होईल बरे’ म्हणालो होतो, आणि तेही हाताने.

वसंता घरी आला, हिंडू फिरू लागला. पूर्वी आम्ही दोघे दर हिवाळ्यात सेमाडोहच्या जंगलात जात असू आणि विश्रामगृहापासून नदीपर्यंत पायी फिरत असू. गेल्या हिवाळ्यात तो वाटेतच एका दगडावर बसला. “तू जा समोर, दादा. मी अठीच बसतो,” तो म्हणाला. “फक्त वाघ दिसला तर बोलजो बरं! हात वर नको करू.”

मी पुढे गेलो नाही. त्याच्या शेजारी बसलो. नदी तेथून ऐकू येते, दिसत नाही.

यंदा चातुर्मासाच्या आरंभी मी मुकाट्याने वांगी सोडली. वसंताला फोनवर हे सांगितले, तर तो पोट धरून हसला. “वांग्यानं काय केलं होतं, दादा? उलट त्या दिवशी वांगं बिचारं सकाळपासून मले बोलून राहिलं होतं. चूप तर तू होता!”

आता देवघरातही फोन माझ्या शेजारी, निरांजनाच्या पलीकडे असतो. जप चालू असो की आरती, तो वाजला की मी पहिल्याच घंटीला उचलतो आणि आधी बोलतो, मग कोण आहे ते विचारतो. परवा असाच वाजला. मी एका श्वासात म्हणालो, “जिथे आहात तिथेच बसा! जिना चढू नका! आधी ईसीजी काढा!”

पलीकडून मोबाईल कंपनीच्या बाई अदबीने म्हणाल्या, “सर, मी तळमजल्यावरच बसते.”