मान्वेलच्या उंचीची दोरी

तीन घाबरट माणसं आणि एक बेफिकीर माणूस एकवीस दिवस एकत्र ठेवा. किस्से बनवावे लागत नाहीत, आपोआप साठतात, आमच्या सोसायटीच्या टाकीत गाळ साठतो तसे! पोर्तुगालहून येऊन दोन महिने झाले, तरी वसईजवळच्या आमच्या आचोळ्यात लिफ्टमध्ये कुणी भेटलं की विचारतंच, "काय काय पाहिलं?" पाहिलं पुष्कळ हो. पण मला आधी आठवते ती धडधड.

घाबरटांत पहिला नंबर माझा. शाळेच्या ऑफिसातून रिटायर झाले, काळजीतून झाले नाही. दुसरी शेजारची शुभांगी. बँकेत जन्म गेला, त्यामुळे एक्सेलमध्ये लिहिल्याशिवाय कोथिंबीरसुद्धा आणत नाही. बेफिकीर म्हणजे आमचे हे. आणि तिसरी घाबरट फिलूमावशी. मावशी अर्नाळ्याची ख्रिस्ती कोळीण, पंचवीस वर्षं आमच्या बिल्डिंगमध्ये मासळी घेऊन येते.

ती आमच्यात कशी आली? शुभांगी आणि मी चार वर्षं भिशी लावून युरोपचे पैसे जमवत होतो. एकदा दारात पापलेट साफ करता करता मावशीनं 'पोर्तुगाल' ऐकलं आणि कोयता खाली ठेवला.

"बाय, फातिमा मातेचं देऊळ तिथंच ना? मला पन ने."

मग तिनं सांगितलं. आठ वर्षांपूर्वी वादळात तिच्या मुलाची, मान्वेलची बोट तीन दिवस सापडत नव्हती. मावशी फातिमा मातेला नवस बोलून बसली, पोर परत येऊ दे, त्याच्या उंचीची मेणबत्ती तुझ्या दारात येऊन लावीन. पोर आलं. नवस राहिला. तेव्हापासून बोट समुद्रात गेली की परत येईपर्यंत मावशीच्या घशाखाली घास उतरत नाही.

"अगं, मग वसईतल्याच चर्चमध्ये लावीन म्हणायचं होतंस!" मी म्हटलं.

"घाबरल्यावर मानूस जवळचं बोलतो का?"

*

शुभांगीनं बजेट केलं. विमान, हॉटेल, ट्रेन, जेवण, आणि एक रकाना 'अचानक'. मला एवढ्यानं चैन पडेना. मी म्हटलं, 'आजारी पडलो तर' घाल. 'बॅग हरवली तर' घाल. 'सगळंच हरवलं तर' पण घाल.

"ताई, हे बजेट आहे की मृत्युपत्र?"

मावशी इतका वेळ लॅपटॉपकडे बघत होती. ती म्हणाली, "यात माझी मेनबत्ती कुठं हाय?"

खरंच नव्हती! शुभांगी इतकी ओशाळली की तिनं सगळ्यात वर नवी ओळ घातली आणि बोटं कीबोर्डवर ठेवून विचारलं, "किती फुटांची?"

मावशीनं पिशवीतून हिरव्या दोरीची गुंडाळी काढली. जाळ्याची दोरी. मान्वेलला अनवाणी भिंतीला उभा करून टाचेपासून डोक्यापर्यंत मोजून कापलेली. "फूटबीट मला नाय कळत. एवढी."

शुभांगीनं रकान्यात लिहिलं, 'दोरीप्रमाणे'.

*

व्हिसाच्या काउंटरवर मी मावशीची फाइल तिसऱ्यांदा तपासली. मावशीकडे ना सॅलरी स्लिप, ना फॉर्म सोळा. काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, "आजी, तुम्ही परत येणारच, हे कशावरून?"

मी डोळे मिटून घेतले.

"अगो, वाळत घातलेले बोंबील ठेवून येतंय मी! ते काय तू उचलनार?"

ती मुलगी तोंडावर हात ठेवून हसली. पंधरा दिवस मला झोप नाही, मावशी मात्र रोज टोपली घेऊन हजर. व्हिसा आला, तोही सगळ्यांत आधी मावशीचा!

*

एअरपोर्टवर मान्वेल सोडायला आला होता. दणकट गडी, बोलायला लाजाळू. बोटीवर जाताना तो दर वेळी आईच्या डोक्यावर हनुवटी टेकवतो, तीच त्यांची निरोप घ्यायची पद्धत. त्या दिवशी जाणारी आई होती. मावशीनं आयुष्यात पहिल्यांदा घातलेले स्पोर्ट्स शूज काढले, मान्वेललाही चपला काढायला लावल्या आणि फरशीवर अनवाणी उभी राहिली.

"अगं मावशी, हे काय?"

"घरात आमी चपला घालतो का? चपला घालून हनुवटी बरोबर बसत नाय." त्याची हनुवटी टेकली, तिनं डोळे मिटले, मग शूज घातले.

आत गेल्यावर तिनं दोरीची गुंडाळी माझ्या हातात दिली. "तू काळजीवाली. तुझ्याकडे ठेव."

झालं! विमान उडालं तरी माझा एक हात पर्समध्येच.

*

लिस्बनच्या हॉटेलात पहिल्याच दिवशी आमच्या ह्यांनी बाथटब काठोकाठ भरला. वर किटली, चार ग्लास आणि फुलदाणीसुद्धा.

"अहो, इथे चोवीस तास पाणी असतं!"

"असं बिल्डरनंपण सांगितलं होतं," हे म्हणाले.

साफसफाईची बाई रोज टब रिकामा करायची, हे रोज भरायचे. मला भीती, ही तक्रार करणार, आपल्याला हाकलणार. चौथ्या दिवशी फिरून आलो तर टब भरलेला. मला वाटलं ह्यांनी भरला, ह्यांना वाटलं मी भरला. मग कळलं, बिचारीनं स्वतःच भरून ठेवला होता! ग्लाससुद्धा.

एक मात्र सांगते, मजा मावशीनंच खरी केली. आम्ही कॉफीचे रुपये करून हळहळायचो. ती म्हणायची, "अर्ध्या पापलेटाची कॉफी हाय, गरम गरम पी!" नाझरे नावाच्या गावात किनाऱ्यावर फळ्यांवर मासे वाळत घातलेले दिसले, तशी ती धावलीच. तिथल्या बाईला खुणेनं सांगितलं, खालून ओले आहेत, उलटे कर. बाईनं दोन उलटून पाहिले आणि मग सगळे उलटले. अर्धा तास दोघी वाळवणात उभ्या राहून बोलत होत्या, कोणत्या भाषेत ते विचारू नका.

*

बाराव्या दिवशी पोर्तोच्या ट्रेनमध्ये बसलो. सहज वर पाहिलं आणि मी ताडकन उभी राहिले. ह्यांच्या बॅगेची चेन तुटली होती, आणि बॅग हिरव्या दोरीनं करकचून बांधली होती.

"ही कुठे मिळाली तुम्हाला?"

"तुझ्या पर्समध्ये. काय मजबूत आहे! जास्तीची होती ती कापून टाकली."

"टाकली? कुठे टाकली?"

"हॉटेलच्या कचऱ्यात."

पलीकडे मावशीचा डोळा लागला होता, मी ह्यांच्या कानात सांगितलं ती कसली दोरी होती. पस्तीस वर्षांच्या संसारात ह्यांचा चेहरा पांढरा पडलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. पोर्तोच्या स्टेशनवर ह्यांनी गपचूप दोरी सोडली, बॅगेला स्वतःचा पट्टा बांधला आणि पुढचे चार दिवस एका हातानं पँट धरून पोर्तुगाल पाहिलं. मावशी रोज विचारायची, "दोरी हाय ना?" मी म्हणायची, "आहे." खोटं नव्हतं. होती, अर्धी!

*

फातिमाला पोहोचलो तेव्हा ऊन लख्ख होतं. एवढं मोठं पटांगण, कुणी नवसापोटी गुडघ्यांवर चालत चाललेलं. बाजूला मेणबत्त्या, वीतभर लांबीपासून माणसाएवढ्या उंचीपर्यंतच्या. मावशीनं हात पुढे केला. "दे बाय, दोरी."

मी तो तुकडा तिच्या हातावर ठेवला आणि रडायलाच लागले. हे म्हणाले, "मावशी, मी कापली. तिची चूक नाही."

मावशी ओरडली असती तर बरं झालं असतं. ती दोरीकडे बघत राहिली. शुभांगीनं अर्नाळ्याला फोन लावला. सून म्हणाली, मान्वेल कालच बोटीवर गेला, रेंज नाही. उंची? "मी काय मोजलीय? पाच सात असेल. नायतर पाच नऊ."

"असेलची मेनबत्ती लावू काय मी?" मावशी म्हणाली. तिनं तुकडा मुठीत आवळला. "आनि पोर आता पान्यात हाय."

मग मावशी खाली बसली आणि शूजच्या नाड्या सोडायला लागली.

अनवाणी उभी राहून तिनं पहिल्यांदा ह्यांना जवळ ओढलं. ह्यांची हनुवटी तिच्या डोक्यावर पोचेना, कपाळाला लागली. "तू रा बाजूला." आणि ती गर्दीत शिरली! एकेका पुरुषासमोर जाऊन उभी राहायची, वर बघायची, मान हलवायची. एकाला वाटलं सेल्फी हवाय. एकानं तिच्या हातावर नाणं ठेवलं. मी मागून 'सॉरी, सॉरी' करत धावतेय, शुभांगी पोलीस येतात का बघतेय.

पाठीवर सॅक लावलेला एक पोरगा भेटला, उन्हानं रापलेला. मावशीनं त्याच्या बुटांकडे बोट दाखवलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी हात जोडले, दुसरं काय करणार? त्यानं बूट काढले. मावशीनं डोक्यावरचा रुमाल काढला आणि त्याच्या छातीशी जाऊन उभी राहिली. मी खुणेनं माझी हनुवटी दाखवली. पोरगा जरा थांबला, मग त्यानं हनुवटी अलगद तिच्या डोक्यावर टेकवली.

मावशीनं डोळे मिटले.

"हाच," ती म्हणाली.

ह्यांनी एका हातानं पँट धरली आणि दुसऱ्या हातानं मेणबत्ती त्याच्या पाठीशी उभी केली. चार बोटं जास्त भरली, ती दुकानदारानं कापून दिली. पोरगा अनवाणीच आमच्याबरोबर आला, खालचं टोक त्यानं धरलं, वरचं मावशीनं. मेणबत्ती पेटली तेव्हा आम्ही चौघंही रडत होतो, हेसुद्धा.

पोरगा सॅक उचलून निघाला, तर मावशीनं त्याचा हात धरला.

"सांभाळून जा रे बाबा. पानी खवळलेलं दिसलं तर मागं फिर. जिद्द नको करू."

त्याला काय कळलं कोण जाणे. त्यानं टोपी काढली आणि पुन्हा एकदा हनुवटी तिच्या डोक्यावर टेकवली.