समुद्रात वस्ती निरंक

माझ्याकडे बेचाळीस प्रश्नांची एक यादी आहे, मीच तयार केलेली. आमच्या शहराबाहेरच्या सिलतऱ्याला नवा लोखंडाचा कारखाना यायचा असला की त्याचा पर्यावरण अहवाल आमच्या छोट्या कचेरीतून जातो, आणि यादीवर खुणा झाल्याशिवाय तो मी जाऊ देत नाही. विहिरी किती, झाडं किती, धूर कुणाच्या घरांकडे.

एका वर्षी समुद्रातल्या पवनचक्क्यांचं काम आलं. पैसा सरकारचा, अहवाल जुळवायचं काम एका मोठ्या कंपनीनं आम्हाला दिलेलं. समुद्र मी आयुष्यात दोनदा पाहिला होता, पण यादी होती. अठरावा प्रश्न, प्रकल्पाच्या जागेवर वस्ती. मी लिहिलं, निरंक. पाण्यात कोण राहणार? वस्ती नसली की पुढचे सात प्रश्नही गळतात : नोटीस कुणाला, सुनावणीला कोण. तेही गळले.

अहवाल संध्याकाळी पाचपर्यंत जायचा होता. दोन वाजता आमच्या सर्वेक्षकाचा फोन आला. तो आमच्याच शहरातल्या गुढियारीचा, जुना माणूस. महिनाभर तिकडे पक्षी मोजत होता.

"दीदी, अठरा नंबरात काय टाकलं?"

"निरंक."

"काहून? मी आत्ता तिथंच होडीत बसून राहिलो. आजूबाजूले एकतीस होड्या हायेत, मोजल्या मी."

"ते मासेमार किनाऱ्यावर राहतात. ती गावं आपल्या हद्दीबाहेर आहेत."

"राहतात तिकडं, पण खातात इथलं. एक म्हातारा बाबा मले विचारून राहिला, सुनावणी कधी हाय. काय सांगू त्याले? दीदीच्या यादीत तू नाहीस म्हणून?"

मी फोन ठेवला आणि सरांच्या केबिनमध्ये गेले. सगळं सांगितलं. त्यांनी आधी घड्याळ पाहिलं.

"आजतक एक भी रिपोर्ट लेट नहीं गई, मॅडम. आज पाठवा. दुरुस्ती मागून जाईल."

"सर, सुनावणीच्या नोटिसा ह्याच अहवालावरून निघतात. मागून आलेला कागद कोण उघडतो?"

"ह्या कंपनीचं पुढचं काम जाईल, समजतंय ना?"

"हव."

"आणि चूक कोणाची म्हणून लिहायची?"

"माझी. यादी माझी आहे."

त्यांनी कीबोर्ड माझ्याकडे सरकवला. "तो लिखिए. सही पण तुमचीच."

कंपनीला चार ओळींचं पत्र लिहायला मला एक तास लागला. अहवाल थांबवून दहा दिवस मागितले. दोन दिवस उत्तर आलं नाही. सर्वेक्षक तिकडे होडीहोडीला गाव विचारत फिरत होता. तिसऱ्या दिवशी एका ओळीचं उत्तर आलं. सात दिवस.

पाच गावं निघाली. बाबाचं गाव तिसरं. सात प्रश्न पुन्हा जागेवर आले, नोटिसा गेल्या. त्या कंपनीचं काम मात्र पुन्हा आलं नाही. सरांचा अंदाज बरोबर होता, आणि ते तसं अधूनमधून बोलूनही दाखवतात.

यादीत अठराव्या प्रश्नाखाली मी आता एक ओळ वाढवली आहे. राहत नसले तरी इथे पोटासाठी कोण येतं?

सुनावणीच्या आदल्या आठवड्यात सर्वेक्षकाचा पुन्हा फोन आला.

"दीदी, बाबा विचारून राहिला, ते निरंकवाल्या बाई येतात काय? पुढं बसवतो म्हणे."

मी तिकीट काढलं.