तोंडासमोरचा कागद
नकली मिशीच्या डिंकाचा वास आला की मला सुरतच्या उधन्यातला आमच्या गल्लीचा गणपती आठवतो. शेजारचे काका दिवसभर कापडाच्या लूमवर राबायचे आणि संध्याकाळी नाटुकल्यात पुढारी व्हायचे. हा पुढारी माइकवर टकटक करायचा, कागद तोंडासमोर धरायचा, वाक्याचा शेवट गिळून टाकायचा. लोक हसून हसून लोळायचे. इतकं नेमकं चुकणारा माणूस मी पुन्हा पाहिला नाही. एका वर्षी मुलाच्या शाळेतला मराठी वर्ग बंद होणार होता आणि सभेत पालकांतर्फे मला बोलायचं होतं. घाबरून काकांना विचारलं, तर मिशी उपटत म्हणाले, “पोरी, लूमच्या खडखडाटात आम्ही तोंड पाहूनच बोलणं समजतो. तोंड झाकलं का माणूस मुका झाला. पुढारी करतो ते तू करू नको, बस.” सभेत मी कागद खाली धरला, एकेक वाक्य पुरं केलं. शेवटच्या रांगेत काका प्रत्येक वाक्याला मान डोलवत होते. वर्ग वाचला. पेढे घेऊन मी त्यांच्या घरी गेले तेव्हा काकू हळूच म्हणाल्या, “यांना दोन वर्षांपासून ऐकूच येत नाही गं. पण घरी येऊन तुझं भाषण मला अख्खं सांगितलं.” आजही बोलायला उभी राहिले की आधी शेवटची रांग बघते. तिथून माझं तोंड दिसतंय ना, एवढंच.