पडद्यामागचे हात

घड्याळजींच्या मुलीला घरात सगळे टिकटिक म्हणत. लहानपणापासून तिचं तोंड दुकानातल्या घड्याळांच्या वरताण चाले. कॉलेजात तिने डिजिटल लेखन हा विषय घेतला तेव्हा आई म्हणाली होती, “आता बोलून भागत नाही वाटतं!”

वर्गात मॅडमनी सांगितलं, फक्त तुम्हालाच ठाऊक असलेल्या गोष्टीपासून सुरुवात करा, लोक थांबून वाचतील. टिकटिकने वडलांच्या हातांपासून सुरुवात केली. हल्ली ते थरथरायचे, बारीक स्क्रू चिमट्यात ठरायचा नाही. म्हणून दुकानात पडद्यामागे आई बसे. डोळ्याला भिंग लावून बाबा सांगतील तसे स्क्रू बसवी, आणि बाहेर येऊन घड्याळ गिऱ्हाइकाला देत ते बाबा. बाहेर कुणाला याचा पत्ता नव्हता. टिकटिकने हे सगळं इतक्या मायेने लिहिलं की तिचेच डोळे भरून आले. मग तिने ती पोस्ट टाकली.

मॅडमनी वर्गात कौतुक केलं. लाइक वाढत होते. आणि मग एक कमेंट आली : ‘म्हणजे माझं घड्याळ नक्की उघडलं कुणी?’

 टिकटिकने पोस्ट काढून टाकली खरी, पण तोवर पोस्टचा फोटो बाजारातल्या दुकानदारांच्या ग्रुपवर पोचला होता. ती तास सोडून दुकानाकडे धावली.

दुकानात बाजारातलेच एक औषधवाले उभे होते, हातात फोन घेऊन.

“घड्याळजी, माझ्या वडलांची आठवण आहे ते घड्याळ. आहे तसं परत द्या.”

“सकाळपासून तुम्ही तिसरे,” बाबा म्हणाले. “झालंय तरी काय?”

“लेकीला विचारा.”

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. “काय केलंस?”

तिने फोन पुढे केला.

“चष्मा नाही. तूच वाच.”

टिकटिक वाचू लागली. शब्द तेच होते. वर्गात त्यांनी टाळ्या मिळवल्या होत्या. इथे ‘थरथर’ हा शब्द तिने भरभर उरकला. पडद्यामागे चिमट्याचा आवाज थांबला होता.

वाचून झालं. बाबा एरवी हात खिशात घालत, आज काउंटरवरच राहू दिले.

“अगं, बाहेर ये. यांचं घड्याळ आण.”

“इथे? सगळ्यांसमोर?”

“पडदा लेकीने केव्हाच ओढलाय.”

आई आली. कानाच्या पाळ्या लाल झालेल्या. खाली मान घालून तिने शेवटचा स्क्रू उचलला. “डावीकडे जरा,” बाबा पुटपुटले. औषधवाले पुढे वाकले, टिकटिकही. स्क्रू बसला. आईने चावी दिली आणि काटा हलला.

औषधवाल्यांनी घड्याळ कानाला लावलं. बराच वेळ. मग ते काउंटरवर ठेवून त्यांनी विचारलं, प्रथमच आईकडे बघून, “पट्टाही बदलायचाय. संध्याकाळपर्यंत होईल?”

“होईल.”

ते गेल्यावर आई वळली. “पुन्हा आमच्यावर एक अक्षर लिहिलंस तर याद राख!”

“लिहू दे,” बाबा म्हणाले, “पण आधी इथे वाचून दाखवायचं. खोटं काही नव्हतं गं त्यात. विचारलं नव्हतंस.”

 दारात आणखी एक बाई पावती पुढे करून उभ्या होत्या, चेहरा ताठ. आई या वेळी उठून आत गेली नाही.