मामांची पोपटी खूण

या जगात माझ्या बायकोच्या मामांनी जिच्यावर कधी संशय घेतला नाही अशी एकच गोष्ट होती, आणि ती म्हणजे त्यांचा स्वतःचा संशय. बाकी सगळं चौकशीखाली होतं. दूधवाला, गॅसवाला, एसटीचा कंडक्टर, टीव्हीवर पावसाचा अंदाज सांगणारी बाई, यांतलं कुणीही त्यांच्या नजरेतून सुटलं नव्हतं. वाळूजच्या एका कारखान्यात त्यांची सगळी नोकरी गेटवर गेली. सुट्टी झाली की बाहेर पडणाऱ्या कामगारांचे डबे उघडून बघायचे, हे त्यांचं काम. निवृत्त होऊन बजाजनगरच्या दोन खोल्यांत बसले तरी गेट काही त्यांच्या अंगातून गेलं नाही. आपण दारात उभे राहिलो की ते आधी पिशवीकडे बघत, मग तोंडाकडे, आणि पिशवीबद्दल समाधान झालं तरच "या, बसा" म्हणत.

मामांचा सिद्धांत असा की चोर वस्तू पळवतो हे जुनं झालं. खरा चोर वस्तू बदलतो. त्यामुळे घरातल्या प्रत्येक वस्तूच्या बुडाशी त्यांची खूण असायची. कारखान्यात मालावर निशाणी करायच्या पोपटी रंगाची एक डबी त्यांच्याकडे होती, तिच्यात काडी बुडवून ते ठिपका देत. तांब्याच्या बुडाला ठिपका, छत्रीच्या मुठीत आत ठिपका, लग्नाला निघण्याआधी चपलेच्या टाचेखाली ठिपका. एकदा आमच्याकडे जेवायला आले आणि ताट वाढायच्या आत आमचा कुकर उलटा करून बघायला लागले. "मागल्या महिन्यात दुरुस्तीला टाकला व्हता ना? मग ह्योच परत आला कशावरून?" त्यानंतर कित्येक दिवस मला त्या कुकरमधला भात दुसऱ्या कुणाच्या तरी घरचा वाटत असे.

त्यांच्या लग्नाची गोष्ट माझ्या सासूबाई, म्हणजे मामांची थोरली बहीण, अजून रंगवून सांगतात. कन्नडजवळच्या त्यांच्या गावातल्या छोट्या दगडी चॅपलमध्ये लग्न लागत होतं. नवरी जाळीच्या ओढणीखाली मान घालून उभी. फादरांनी विचारलं, "हिचा पत्नी म्हणून स्वीकार करतोस का?" तर मामा म्हणाले, "आधी तोंड दाखवा. दाखवली व्हती तीच हाय का बघू द्या." सगळं चॅपल खो खो हसलं. मामींनी स्वतःच जाळी वर केली आणि म्हणाल्या, "मीच हाय. पाहिजे तर खूण करून ठेवा." पुढचा सगळा संसार मामींनी त्याच सुरात केला आणि काही वर्षांपूर्वी फारसा गाजावाजा न करता निघून गेल्या.

ते चॅपल मामांचा खरा जीव. कुणी एक गोरे फादर फार पूर्वी बैलगाडीतून त्या बाजूला आले, त्यांनी गावकऱ्यांबरोबर दगड वाहिले आणि ते उभं केलं. बरोबर मरियामातेची हातभर उंचीची लाकडी मूर्ती आणली होती. ऑक्टोबर हा आमच्याकडे जपमाळेचा महिना. त्या महिन्यात ही मूर्ती गावात घरोघर मुक्कामाला जाते. आजचं घर तिला उद्याच्या घरी पोचवतं, बायका गाणी म्हणतात, फुटाणे वाटतात. मामा दरवर्षी त्यासाठी महिनाभर गावात मुक्काम ठोकत आणि मूर्ती ज्या घरात असेल त्याच्या ओट्यावर बसून राहत. सकाळी ती हलायच्या आत पुढे होऊन उलटी करत, बैठकीखालचा पोपटी ठिपका बघत आणि म्हणत, "हं, चालू द्या."

दोन वर्षांपूर्वी गावाला नवे फादर आले. वसईकडचे, समुद्रकाठच्या गावातले, तरुण, हसतमुख. मामांच्या मते हसतमुख माणसावर दुप्पट नजर ठेवावी लागते. त्यातच फादरांच्या लक्षात आलं की मूर्तीला कीड लागली आहे. ते म्हणाले, "आमच्याकडे मूर्तींचं काम करणारे एक मिस्तरी आहेत, त्यांच्याकडे नेऊन आणतो." झालं! मामा मला बाजूला घेऊन म्हणाले, "जावईबापू, डाव ध्यानात आला का? खाऱ्या वाऱ्यानं तिकडच्या मूर्त्या सडल्या. म्हणून आता आमची उचलायची अन् तिकडली कुजकी इकडं आणून बसवायची." आणि स्वतः बरोबर जायला निघाले. त्यांना एकटं कसं सोडायचं म्हणून मीही गेलो. प्रवासभर मूर्ती त्यांच्या मांडीवर होती. फादरांनी दिलेला चहासुद्धा त्यांनी आधी मला प्यायला लावला.

तिकडची चॅपलं मी पहिल्यांदाच पाहत होतो. प्रत्येक पाड्याला एक, मिशनऱ्यांच्या काळातलं, चुन्यानं पांढरं केलेलं, समोर दगडी क्रूस, मागे केळीच्या बागा आणि त्यापलीकडे समुद्र. लाल लुगड्यातल्या म्हाताऱ्या पायरीवर माळ जपत बसलेल्या. मला फार प्रसन्न वाटलं. मामांना मात्र वाळत घातलेल्या बोंबलांपासूनच शंका यायला सुरुवात झाली. मिस्तरींच्या अंगणात पहिला दिवस त्यांनी राखण केली. दुसऱ्या दिवशी त्यांच्या डोक्यात आलं की इथल्या चॅपलांत आपल्या मराठवाड्यातून बदलून आणलेल्या मूर्ती असणार. मग काय, रिक्षा करून आम्ही चॅपलामागून चॅपल हिंडलो. मामा आत शिरत, गुडघे टेकत आणि वेदीखाली वाकून बघत. त्या भाबड्या बायकांना वाटलं, काय भाविक माणूस आहे! एकीनं तर त्यांना घरी नेऊन तांदळाची भाकरी वाढली. "फुकट कशापायी वाढती ही?" मामांनी मला विचारलं आणि आणखी एक मागून घेतली.

आम्ही परतलो तोवर मिस्तरींनी मूर्ती पांढऱ्या कापडात शिवून ठेवली होती. "पॉलिश ओलं आहे, गावी पोचेपर्यंत उघडू नका," ते म्हणाले. गावी चॅपलमध्ये सगळ्यांसमोर कापड सुटलं, मामांनी मूर्ती उलटी केली आणि ओरडले. पोपटी ठिपका नव्हता.

"बदलली! म्या सांगत व्हतो!" फादर परोपरीनं समजावत होते की बैठक पार पोखरली होती, म्हणून मिस्तरींनी ती नवी बसवली. पण संशय साथीसारखा पसरतो. बायका कुजबुजायला लागल्या, पुरुष खाली बघायला लागले. दुसऱ्या दिवशी ऑक्टोबर लागला, मूर्ती पहिल्या घरी निघायची वेळ झाली आणि मामा चॅपलच्या दारात आडवे उभे. "खोटी मूर्ती गावात फिरू द्यायचा नाय." फादरांचा हसरा चेहरा पडला. एवढ्याशा गावात एकदा चोर ठरल्यावर त्या पोरानं वेदीवर कसं उभं राहायचं, या विचारानं मला मामांचा पहिल्यांदाच खराखुरा राग आला.

फादर हळू आवाजात म्हणाले, "मामा, खूण राहू द्या. तोंड तेच आहे का, एवढंच सांगा."

मामा मूर्तीकडे बघत राहिले. इतकी वर्षं त्यांनी तिला फक्त उलटी करून पाहिलं होतं.

सासूबाई पुढे झाल्या. "अरे, पदराच्या काठावरला ह्यो काळा डाग बघ. तुझ्याच घरी मुक्काम व्हता, तुझ्या बायकोच्या हातून मेणबत्ती कलंडली. किती रडली व्हती ती! समद्या गावाला ठाव हाय. तू ओट्यावर बसून चोर बघत व्हता."

"मिस्तरी तो डाग पुसणार होते," फादर म्हणाले. "बायकांनी मला सांगितलं होतं, म्हणून मीच नको म्हटलं."

मामांनी बोट पुढे केलं आणि तो डाग चाचपला. पुन्हा चाचपला. मग फादरांसमोर हात जोडून म्हणाले, "आज पैला मुक्काम माझ्या घरी द्या." मामी गेल्यापासून गावातल्या त्यांच्या घरी मूर्ती गेली नव्हती; मामा बहिणीकडे उतरत आणि ते दार बंदच असायचं. त्या दिवशी ओट्यावर आम्ही बसलो होतो आणि मामा आत. सकाळी त्यांनी मूर्ती शेजारच्या घरी दिली ती सरळच, उलटी न करता.

मागच्या उन्हाळ्यात मामा गेले. या ऑक्टोबरात आम्ही त्यांचं घर उघडलं, झाडलं आणि मूर्तीला मुक्कामाला आणलं. गाणी झाली, फुटाणे वाटले, माणसं पांगली. माझ्या मनात एक शंका होतीच. मामांना मी पुरता ओळखून होतो. त्या मुक्कामात त्यांनी गुपचूप काडी बुडवली नसेल हे शक्यच नव्हतं. आजूबाजूला कुणी नाही असं बघून मी मूर्ती अलगद उलटी केली आणि बैठक उजेडात धरली. लाकूड स्वच्छ होतं. साधा ओरखडासुद्धा नव्हता. मला फार वाईट वाटलं. एखादा पोपटी ठिपका असायला हवा होता.