लाल गाडी आणि बाबांचं अहो-जाहो

माझ्या दिरांना गल्लीत सगळे ‘बघू’ म्हणतात. काहीही विचारा, त्यांचं उत्तर ठरलेलं: “बघू.” लग्नाचं विचारलं तेव्हाही तेच म्हणाले आणि अजून बघतच आहेत. गॅरेजात गाड्या रंगवण्यात उभा जन्म गेला, तरी गिऱ्हाईक आलं की आधी डोकं खाजवणार, मग गाडीभोवती फेऱ्या मारणार. हात मात्र चांगला. घरची गाडी तेवढी अंगणात पडून. दिव्याखाली अंधार, दुसरं काय!

ती गाडी सासऱ्यांची. कधीकाळी लाल होती म्हणे. मी या घरात आले तेव्हापासून बघतेय ती विटकी गुलाबी. हात टेकला तर बोटांना भुकटी लागते.

सासऱ्यांना हल्ली माणसं ओळखू येत नाहीत. मला ते ‘बाई’ म्हणतात. माझं एक वेळ ठीक आहे, पण पोटच्या धाकट्या पोराला “अहो, तुम्ही जेवलात का?” असं विचारतात तेव्हा भाऊजींचा घास तोंडातच फिरतो.

“वहिनी, शिव्या घातल्या तरी चालतील, पण मला अहो नका म्हणू म्हणावं,” ते एकदा मला म्हणाले. मी तरी कुणाला सांगू?

मग त्यांच्या मनानं घेतलं, की गाडी पहिल्यासारखी केली तर बाबांना काहीतरी आठवेल. निदान ‘अरे’ तरी म्हणतील. सुट्टीच्या दिवशी त्यांनी गाडी धुतली, कपड्याला पॉलिश लावलं आणि घासायला बसले. थोड्या वेळाने बघते तर कपडा लालभडक!

“अहो भाऊजी, रंग निघतोय!”

“निघणारच. वरचा मेलेला थर निघतोय.”

“मग खालचा?”

“तोही थोडा निघतोय.” त्यांनी डोकं खाजवलं. “जास्त घासलं तर रंगाखालचा प्रायमर दिसेल. कमी घासलं तर गुलाबीच राहील. कुठं थांबायचं तेच कळेना.”

दुसऱ्याच्या गाडीवर या माणसाचा हात कधी अडला नव्हता. बॉनेटवर दोनदा थांबले, दोनदा पुन्हा सुरू झाले, मधेच मला विचारलं, “तुम्हाला काय वाटतं?” मला कांद्याची फोडणी करपल्याचं कळतं, गाडीचं काय कळणार! मी उगाच “बास आता” म्हटलं, आणि ते खरंच थांबले. मग मला धास्ती. मेण लावून कोरड्या कपड्याने पुसल्यावर मात्र गाडी अशी लाल निघाली की मीच चपापले.

मी सासऱ्यांना हात धरून बाहेर आणलं. ते गाडीकडे बघत राहिले, दारावरून हात फिरवला. भाऊजी कपड्याचा बोळा मुठीत धरून ताठ उभे. सासऱ्यांनी त्यांच्याकडे वळून विचारलं,

“अहो, ही शेवटचीच आहे का तुमच्या शोरूममध्ये?”

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. हसावं की रडावं, मलाही कळेना. खरं सांगून टाकावं म्हणून मी तोंड उघडलं, तर त्यांनी मान हलवून मला थांबवलं.

“हो, साहेब,” ते म्हणाले. “एकच राहिलीय.”

“मग ठेवा आमच्यासाठी. आमची ही निळी घेऊ म्हणते. पण धाकटा लालसाठी हटून बसलाय, सकाळपासून जेवला नाही.” सासरे आवाज खाली आणून म्हणाले, “घरी मी त्याला ओरडून आलोय. जीव लागत नाही हो मग कशात. ही बघून खूश होईल ना तो?”

भाऊजींनी मुठीतला बोळा खिशात कोंबला.

“झालाय, साहेब.”